प्लगचा रंग आणि लॅम्डाचा आकडा

परभणीत जिंतूर रोडच्या गॅरेजांमध्ये पेट्रोल गाडीतलं हवा-पेट्रोलचं मिक्स्चर पूर्वी नाकाने, कानाने आणि डोळ्याने बघायचे. मोजायचं साधन म्हणाल तर एक फीलर गेज, त्याचीही मधली पानं गायब. बाकी सगळं उस्तादच्या अंगात. गाडी स्लोवर ठेवून तो सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा, काजळी लागते का बघायचा, हात हुंगायचा आणि पोऱ्याला सांगायचा, "पेट्रोल जादा पीरी है, अर्धा आटा दबा." पोऱ्या स्क्रू फिरवायचा आणि इंजिनाची अडखळ थांबायची.

तेव्हा पेट्रोल ट्रकांचे दिवस सरत आले होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो, हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड. मानवत-सेलूच्या कापसाच्या गाठी ओढायचं काम टाटांच्या डिझेल ट्रकांनी घेतलं होतं. पण एखादा पाण्याचा टँकर, एखादी मालवाहू गाडी तग धरून होती आणि महिंद्राच्या पेट्रोल जीपही कमी नव्हत्या. डिझेलवाल्याचा हिशेब सोपा असे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त, मग मायकोचा पंप उतरवून सेटिंगला पाठवायचा. डिझेल इंजिनात हवा नेहमी जास्तीचीच असते, त्यामुळे धूर बघून काम भागतं. पेट्रोलचं तसं नाही. वजनाने १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल हे पुरतं जळायचं प्रमाण. त्यापासून फार सरकलं की एकीकडे खर्च वाढतो, दुसरीकडे पिस्टन जळतो.

स्लोवरची परीक्षा तळहातावर व्हायची, खरी परीक्षा चढाला. उस्ताद भरलेली गाडी जिंतूरकडे घेऊन निघायचा. डोंगराचा चढ लागला की ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि इंजिन जोरात ओढत असतानाच चावी बंद करून क्लच दाबायचा. गाडी कडेला टेकली रे टेकली की बॉनेट उघडून प्लगपान्याने प्लग काढायचा. गरम प्लग चिंधीत धरून तो उन्हाकडे वळवायचा आणि मधल्या चिनी मातीचा रंग बघायचा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस असला तर मान हलायची. काळाकुट्ट असला तर कार्बोरेटरचा जेट, म्हणजे ज्या भोकातून पेट्रोल येतं तो, एक नंबर लहान. पांढराफटक असला तर तो काही न बोलता मोठा जेट शोधायला लागायचा, कारण ती पिस्टनला धोका असल्याची खूण. जेट बदलायचा, पुन्हा तोच चढ, पुन्हा प्लग. सगळी दुपार त्यात जायची आणि मालक रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसून राहायचा.

आज तसल्याच जुन्या गाडीवर हौसेने काम करणारी पोरं डॅशबोर्डवर एक लहानसं गोल मीटर बसवतात. चढाला ०.८६, सपाटीला १.०२, असा लॅम्डाचा आकडा गाडी चालू असतानाच डोळ्यांपुढे. १ म्हणजे पुरतं जळायचं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त, त्यावर कमी. उतरायला नको, प्लगला हात लावायला नको. हे बघितलं की आमच्या पिढीला वाटतं, कसब गेलं, यंत्र आलं. मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो. पण नीट बघितलं तर कसबाच्या मुळावर आलं ते पेट्रोल, मीटर नव्हे.

प्लगवर तो तांबूस रंग नीट उमटायचा त्यात पेट्रोलमधल्या शिशाचा मोठा हात होता. १९९५ साली चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. त्यानंतर चांगल्या इंजिनाचा प्लगही जवळजवळ कोराच निघायला लागला. ज्या पाटीवर उस्ताद वाचायचा ती पाटीच पुसली गेली. गंमत अशी की ज्याच्यावरून मीटर आकडा दाखवतं त्या सायलेन्सरच्या पाइपमधल्या ऑक्सिजन सेन्सरला, म्हणजे लॅम्डा सेन्सरला, तेच शिसं विष. बॉशचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत आला खरा, पण आपल्या तेव्हाच्या पेट्रोलवर तो लवकरच आंधळा झाला असता. दोन्ही विद्या एका पेट्रोलवर नांदणाऱ्या नव्हत्या.

आता मीटरसाठी सेन्सर निवडायचा म्हणजे काय? मोटारीत येणारा साधा, अरुंद पट्ट्याचा सेन्सर फक्त हो किंवा नाही सांगतो. पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी असेल तर ०.१. किती जास्त, किती कमी, हे त्याला नीट सांगता येत नाही. मीटरला लागतो तो रुंद पट्ट्याचा, म्हणजे वाइडबँड सेन्सर. त्यात एक बारीक पोकळी असते. तिच्यातला वायू कायम बरोबर प्रमाणात राहावा म्हणून तो सेन्सर विजेच्या जोरावर ऑक्सिजन आत-बाहेर करतो. त्याला किती वीज लागली, त्यावरून आकडा निघतो. बाजारात बॉशचे ४.२ आणि ४.९ हे दोन प्रकार जास्त दिसतात. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते, ४.९ आपला आधार आपणच तयार करतो. आपल्याकडच्या धुळीला ४.९ बरा. त्याच्या कनेक्टरमध्येच त्या त्या सेन्सरसाठी मापलेला एक रेझिस्टर असतो. वायर लांब करायच्या नादात कनेक्टर कापला की रीडिंग गेलं.

वायरिंगला बसलं की जुनं गॅरेज पुन्हा आठवतं. सेन्सरमधला हीटर त्याला ७५० अंशांच्या पुढे तापवतो, म्हणून त्याला चावीनंतरचा सप्लाय, स्वतःचा फ्यूज आणि रिले द्यावा. अर्थिंग गंजलेल्या बॉडीवर नको, इंजिन ब्लॉकवर घासून पांढऱ्या केलेल्या जागी घ्यावं. जुन्या गाडीला डायनॅमो असेल तर स्लोवर व्होल्टेज पडतं, तिथे अल्टरनेटर बसवलेला बरा. पाइपला १८ मिलिमीटर आट्याचा नट वेल्ड करायचा तो वरच्या बाजूला, तिरपा. खाली बसवला तर पाणी साचून तापलेली सिरॅमिक तडकते. इंजिन सुरू झाल्यावरच हीटर चालू व्हावा, तेही याचसाठी. आणि सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड पत्रा-दोरीने बांधलेला असेल तर बाहेरची हवा आत शिरते. मीटर बिनदिक्कत "पेट्रोल कमी" म्हणतं आणि भोळा माणूस चांगला जेट काढून मोठा बसवतो. उस्ताद आधी जोडावर हात फिरवून बघायचा, फुसफुस लागते का. मीटर आलं तरी तो हात फिरवावाच लागतो.

आताचं पेट्रोल पुन्हा बदललंय. जायकवाडी धरणाच्या कालव्याने पाथरीकडे ऊस आणला, आणि राज्यभरच्या उसाचा काही भाग इथेनॉल होऊन पेट्रोलच्या टाकीत येतो. २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास हवा लागते. शुद्ध पेट्रोलवर जेट लावलेला जुना कार्बोरेटर त्यावर उपाशी चालतो, गाडी तापते, पिकअप जातो. इथे लॅम्डाचा आकडा कामाला येतो, कारण इंधन कुठलंही असो, १ म्हणजे बरोबर, हे बदलत नाही. कोऱ्या प्लगवर हे कळलं नसतं.

म्हणून मीटरशी माझं भांडण उरलेलं नाही. पण ते 'किती आहे' एवढंच सांगतं, 'किती असावं' ते सांगत नाही. रिकाम्या जीपला सपाटीवर १ च्या थोडं वर चालतं. मे महिन्याच्या ४४ अंशांत भरलेला टँकर चढाला ओढायचा तर ०.८५ च्या आसपास ठेवणं शहाणपणाचं. उस्ताद बॉनेट उघडायच्या आधी मालकाला विचारायचा, "माल कितना भरते, किधर जाते?" वाइडबँड बसवणाऱ्या पोरांनी जेटला हात लावायच्या आधी हाच प्रश्न विचारावा. त्याचं उत्तर कुठल्याच सेन्सरकडे नाही, आणि उस्तादच्या त्या दुपारींतून आजही जसंच्या तसं कामाला येणारं सगळ्यात मोठं ज्ञान तेच आहे.