फाटकावरची

साताऱ्याच्या आमच्या घराच्या फाटकावर एक वेल होती. वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. माघ सरत आला की मात्र ती अशी जांभळी व्हायची की पान दिसायचं नाही. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "हिचं नाव काय हो?" आजी सांगायची, "फाटकावरची." आजोबांनी कुठल्याशा बंगल्यातून रोप आणलं होतं, नाव विचारायचं राहूनच गेलं.

नाव नाही म्हणून ती देवघराबाहेर राहिली. जास्वंद, तगर, मोगरा रोज आत जायचे. हिच्याबद्दल आजीचा खाक्या एकच : कूळ-मूळ ठाऊक नाही, ते देवाला कसं वाहायचं? आम्हां मुलांच्या ते पथ्यावरच पडलं. सगळी फुलं भातुकलीला. पानं तर भलतीच खरखरीत, त्यांच्यापुढे पारिजातकाचं पान मऊ. आम्ही ती नखांवर घासत बसायचो.

एक कोडं मात्र मला सुटत नसे. सकाळी अंगणात गर्द जांभळ्या फुलांचा सडा, आणि वर बघावं तर वेल तितकीच भरलेली. आजी झाडून झाडून वैतागायची. मला वाटायचं, ही प्रत्येक फूल दोनदा फुलवते.

पुढे लग्न होऊन पुण्याला आले. एका कॅलेंडरवर जपानमधला जांभळ्या घोसांचा मांडव पाहिला, खाली नाव : विस्टेरिया. सापडली! पुढची कितीतरी वर्षं मी ऐटीत सगळ्यांना तेच नाव सांगत होते. विस्टेरियाची फुलं वाटाण्याच्या फुलासारखी असतात, एका देठावर पुष्कळ पर्णिका असतात, तिला कडक थंडी लागते; यातलं काहीही मी ताडून पाहिलं नव्हतं. रंग जुळला, मला तेवढं पुरलं.

घर विकायचं ठरलं तेव्हा मी वेलीची गुटी बांधून रोप आणलं. कुंडीत ते दोन वर्षं रुसून बसलं, म्हणून एक फांदी घेऊन नर्सरीत गेले. म्हाताऱ्या माळीबुवांनी माझ्या विस्टेरियाकडे लक्षच दिलं नाही. पान चिमटीत धरून चोळलं आणि म्हणाले, "पेट्रिया. पॉलिशपेपर आहे हा." जे पान मी लहानपणी नखांवर घासलं होतं, तेच.

मग पुस्तकं काढली. बाहेरची फिकट चांदणी म्हणजे निदल, ते आठवडेच्या आठवडे टिकतं. आतलं गर्द फूल चार दिवसांत गळतं. आजीचा सडा तो हा. शेवटी निदलही राखाडी होतं आणि भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. वेल मूळची मेक्सिकोकडची. नाव पडलं लॉर्ड पेट्र या बागवेड्या इंग्रज उमरावावरून. बिचारा १७४२ साली २९व्या वर्षी देवीच्या रोगानं गेला. जुन्या पुस्तकांत साग हिच्याच कुळात असायचा. आता त्याला तुळशीच्या कुळात नेलंय, आणि हिच्या वाट्याला नातेवाईक म्हणून घाणेरी उरली आहे. आजीनं हे ऐकलं असतं तर देवघराचं दार आणखीच घट्ट लावलं असतं.

आजी नाही, पण आत्या आहे, ब्याऐंशी वर्षांची. तिला फोन केला.

"पेट्रिया? ख्रिस्ती नाव वाटतंय गं."

मी म्हटलं, "रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात तिला नीलमणिलता म्हटलंय."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "मग आधी तेच सांगायचंस ना. फुलली की एक घोस घेऊन ये. बाळकृष्णाला घालते. आणि हे बघ, पिशवीत कोंबू नकोस, आतली फुलं गळतात."

हे तिला साठ वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.