तांबडे तेल

जी वस्तू आपल्याकडे काही मागत नाही, तिची आपल्याला आठवण राहत नाही. पेट्रोल संपत आले की काटा खाली येतो, टायरमधली हवा गेली की गाडी डगमगते. पण स्वयंचलित गिअरपेटीतले तेल वर्षानुवर्षे मुकाट्याने राबते. घरातल्या अबोल माणसासारखी त्याची दखल आपणच होऊन घ्यावी लागते.

माझ्या बाबतीत ही केवळ हौस नाही. लहानपणी पोलिओने माझ्या डाव्या पायातली ताकद नेली. क्लच दाबणे त्या पायाच्या आवाक्याबाहेरचे. पुष्कळ वर्षे मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून शाळेत गेलो. बेळगावच्या पावसात ते काय असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. २००६ साली दुसऱ्या हातची एक छोटी स्वयंचलित गाडी घेतली. तिला क्लच नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने निभतात. डाव्या पायाचे काम ज्या तेलाने पत्करले, त्याची विचारपूस मी स्वतः करतो.

हे तेल नुसते वंगण नव्हे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाचे चक्र तेल भिरकावते आणि त्या लोटाने समोरचे चक्र फिरते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत ती मोठ्या प्रमाणावर आली १९३९ च्या अखेरीस, जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांतून. हेच तेल दाबाने गिअर बदलते आणि पेटीतली उष्णताही वाहून नेते. एकेकाळी त्यात देवमाशाचे तेल मिसळत; अमेरिकेत १९७० नंतरच्या वर्षांत ते बंद झाले आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरे पर्याय शोधावे लागले.

तपासण्याची रीत सोपी, पण शिस्तीची. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल गरम करावे, कारण गरम तेल फुगते. थंडपणी पाहिले तर ते कमी भासते. जमीन सपाट हवी. आमचे अंगण दिसायला सपाट, पण तांब्याभर पाणी ओतले तेव्हा उतार कळला. आता ठरलेल्या फरशीवरच गाडी लावतो. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय रोवून, दांडा प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत फिरवायचा आणि पुन्हा ‘पी’वर आणायचा. मग हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे आणि डिपस्टिक काढून पुसायची. सुती चिंध्यांचे धागे सुटतात, म्हणून मी जुन्या टेरिकॉटच्या सदऱ्याचा तुकडा वापरतो. पुन्हा बुडवून पाहायचे. काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पाहायचे असते, आणि पुष्कळ नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेव्हा गाडीबरोबरचे पुस्तक वाचल्याशिवाय हात घालू नये.

नव्या तेलाचा रंग बहुधा तांबडा, इंजिन ऑइलपासून ते चटकन वेगळे ओळखू यावे म्हणून दिलेला. ते काळपट होऊन जळका वास आला, किंवा दुधाळ गुलाबी झाले, म्हणजे आत पाणी शिरले, तर गाडी सरळ मेकॅनिककडे न्यावी. रंग ठीक असून पातळी कमी असेल, तरच पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल लांब नळीच्या नरसाळ्याने भरावे.

हे भरणे मला उद्यमबागेजवळच्या एका मेकॅनिकने शिकवले. तो कानडी, मी मराठी. बाटली हातात देऊन तो म्हणाला, “स्वल्प हाक्री, सर.” थोडेसे घाला. मराठीत हा शब्द आपण स्वल्पविरामापुरता ठेवला. त्याच्या तोंडी तो रोजच्या वापरातला आहे. अर्धा पेला ओतायचा, थांबायचे, मोजायचे. खुणेला लागताच तो म्हणाला, “साकु!” त्याला अर्थ विचारावा लागला नाही. जास्त भरले तर फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. कमी तेलाने जे नुकसान होते, तेच जास्त तेलानेही. अति तेथे माती.

त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मी शिक्षकांच्या बैठकीतही सांगतो. गिअरपेटीतले तेल जळून संपत नाही. ते कमी झाले, म्हणजे कुठून तरी गळते आहे. वर ओतत राहणे हा उपाय नव्हे. गणितात मागे पडणाऱ्या मुलाला चार गुण वाढवून देता येतात. पण त्याचे नेमके कुठे निसटते, हे शोधल्याशिवाय पुढच्या वर्षीही तेच होणार.

म्हणून महिन्यातून एकदा रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी वाकून पाहतो. तांबडा ठिपका दिसला, तर मेकॅनिकला फोन. पुठ्ठा कोराच असला, तर किल्ली घेऊन कुणाची वाट न पाहता मी शाळेला निघतो.