भाव नसलेला वाफा

देवळ्यात कोणाच्याही घरी जा, चहा हातात येण्याआधी भावाची चौकशी होते. उमराण्याला आज काय निघाला, लासलगावला किती वर गेला, चाळीतला अजून ठेवावा की काढावा. कसमादे पट्ट्यात कांदा करणारं प्रत्येक घर याच प्रश्नांवर चालतं. सून म्हणून या घरात आल्यापासून उळं टाकणं, लागवड, निंदणी, काढणी, चाळ भरणं, सगळं केलं. पण शेतात उभं असलेलं पीक नुसतं पीक म्हणून कधी पाहिलं नाही. त्याच्याकडे बघताना मनात आकडा असायचाच. घरामागच्या परसात लीक ही कांद्याच्या जातीची भाजी लावली, तेव्हा पहिल्यांदा आकड्याशिवाय काही वाढवलं.

बी पुतण्याने आणलं. तो मुंबईला हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. "काकू, तुमच्या हाताला कांदा येतो, तर हाही येईल," म्हणाला. बी तळहातावर घेतलं तर हुबेहूब कांद्याचं उळं, तसंच काळं आणि कोनदार. २०२३ साली गणपती उठल्यावर ते शेणखत मिसळलेल्या मातीत ट्रेमध्ये टाकलं. उगवलं तेही कांद्यासारखंच, आधी वाकलेलं आणि मग सरळ होत गेलेलं. फरक पुढे दिसला. कांद्याची पात गोल आणि पोकळ असते. याची पानं लसणीसारखी चपटी, मधे घडी पडलेली, एकाआड एक दोन बाजूंना फुटणारी.

सासूबाईंनी एक रोप उपटून बोटांत फिरवून पाहिलं. "याले कांदा लागत नही?" मी नाही म्हटलं. "मंग लावस कसाले?"

प्रश्न रास्त होता. आमची सगळी मेहनत गड्ड्यासाठी. लीक गड्डा धरत नाही. एकात एक घट्ट बसलेल्या पानांचा जो पांढरा दांडा तयार होतो, तोच खायचा. तो आपोआप लांब आणि पांढरा होत नाही. जेवढा भाग मातीखाली, तेवढाच पांढरा आणि कोवळा राहतो. ऊन लागलेला भाग हिरवा आणि चिवट होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा ट्रे ओसरीत घेतले म्हणून रोपं वाचली. शेतातल्या रोपांना अशी ओसरी नसते, हे त्या रात्री फार लागलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली आणि लागवडीला काढली. कांदा आम्ही उथळ लावतो, खोल गेला तर तो नीट पोसत नाही. लीकचं उलटं. परसातली माती काळी आणि चिकट, म्हणून आधी वाफ्यात भरपूर कुजलेलं खत मिसळून ती भुसभुशीत केली. मग पहारीने वीतभर खोल भोकं पाडली, दोन भोकांत साधारण तेवढंच अंतर. प्रत्येकात एक रोप सोडलं, वर पानांचा शेंडा तेवढा दिसेल असं. भोक मातीने बुजवायचं नसतं. फक्त पाणी ओतायचं. पाण्याबरोबर थोडी माती मुळाशी बसते, बाकीची पुढच्या पाण्यांबरोबर हळूहळू आत येते, आणि दांड्याला जाड व्हायला जागा मिळते.

त्याच आठवड्यात, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. लिलाव थांबले. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. आमच्या घरी त्या संध्याकाळी कोणी कोणाशी फारसं बोललं नाही. लाल कांदा काढायला आलेला, उन्हाळ कांद्याची लागवड तोंडावर, रोपं तयार, मजूर बायांना शब्द दिलेला. लावायचा तर कशाच्या भरवशावर, आणि न लावावा तर वर्षभर करायचं काय? मी झारी घेऊन मागे गेले आणि लीकच्या भोकांत पाणी घालत बसले. या वाफ्याचं दिल्लीतल्या कुठल्याही कागदाने काही बिघडणार नव्हतं. त्याला गिऱ्हाईकच नव्हतं.

कांदा आम्ही लावलाच. दिवसभर शेतात वाकून संध्याकाळी परसात आलं की लीकचं काम थोडंच उरलेलं असे. दोनतीन आठवड्यांनी खुरप्याने दोन्ही बाजूंची माती ओढून भर द्यायची, पानांच्या बेचक्यात माती जाणार नाही इतपतच. जानेवारीत धुकं आणि दव पडलं तेव्हा शेतातल्या पातीवर जांभळा करपा आला. परसातही दोनचार पानांवर तेच लांबट डाग दिसले. हा रोग ज्या बुरशीने येतो तिचं शास्त्रीय नाव अल्टरनेरिया पोरी. कांदा, लसूण, लीक, तिघांनाही ती धरते. शेतात फवारणीवाचून गत्यंतर नव्हतं. परसात डागाळलेली पानं खुडून जाळली, पाणी पानांवर न घालता बुडाशी घातलं, आणि तेवढ्यावर भागलं. थोडी झाडं असली की प्रत्येकाकडे बघता येतं. एकरांत ते शक्य नसतं.

फेब्रुवारीअखेर पहिला दांडा काढला. ओढून निघेना, कुदळीने बाजूची माती सैल करावी लागली. कांदा तयार झाला की माना टाकतो आणि मग सगळं रान एकदम काढावं लागतं, पात कापा, सुकवा, चाळीत भरा. लीक मान टाकत नाही. जमिनीत उभा राहतो आणि लागेल तेव्हा एकेक काढता येतो. ऊन कडक व्हायच्या आत संपवायचा, एवढीच अट. धुताना मात्र दांडा उभा चिरावा लागतो, कारण भर दिलेली माती पदरापदरांत गेलेली असते.

त्या दिवशी पातीच्या कांद्याची करतो तशी मुगाची डाळ घालून भाजी केली, बाजरीची भाकरी आणि ठेचा. कांद्यापेक्षा सौम्य, थोडी गोडसर चव. हिरवा शेंडा टाकला नाही, आमटीच्या डाळीत शिजवला. सासूबाईंनी भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पुतण्या सांगत होता, वेल्समध्ये १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, लोक लीक छातीवर लावून मिरवतात. इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थम्बरलँड आणि डरहॅमच्या कोळसा खाणींतले कामगार घराजवळच्या तुकड्यात जाडजूड लीक वाढवून त्याची प्रदर्शनं भरवायचे. खाणीतला कोळसा मालकाचा, त्याचा दर दुसऱ्याच्या हातात. वर येऊन हात लावायची ती एवढी भाजी स्वतःची. ती माणसं मला लगेच ओळखीची वाटली.

बंदी ४ मे २०२४ला उठली, तीही निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्याच्या अटी घालून. तोवर परसातला लीक खाऊन झाला होता. आता मी रोपं जास्तीची करते आणि लागवडीला येणाऱ्या बायांना देते. कांद्याची रोपं त्या आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात लावतात. पहारीने खोल भोक पाडायचं एवढंच त्यांना नव्याने सांगावं लागतं, बाकी सगळं त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक असतं.

कांदा आम्ही करणारच, घर त्याच्यावर उभं आहे. पण भाव पडला की पिकवणाऱ्याला स्वतःचीच किंमत पडल्यासारखी वाटते, आणि हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. म्हणून कांदा करणाऱ्या प्रत्येक घरामागे एक वाफा असा असावा जो बाजार समितीत जाणार नाही. आपल्याला पिकवता येतं, ते चांगलं येतं, आणि त्याने घरचं ताट भरतं, याची खात्री त्या वाफ्याजवळ बसून होते. ती खात्री लिलावात कोणी देत नाही, आणि तिथून कोणी काढूनही घेऊ शकत नाही.