पाण्याच्या वाटेनं : राकसकोप ते यमगर्णी

पहिला दिवस, राकसकोप

बेळगावातून निघालो तेव्हा पावसाची झड लागलेली. वाटेत शिवाराशिवारांत चिखलणी आणि रोपलावण जोरात. राकसकोप जलाशयाची कमाल पातळी २४७५ फूट. ती गाठली की शहराला वर्षभराच्या पाण्याचा दिलासा मिळतो. धरणाखालची गावं मात्र त्याच बातमीनं धास्तावतात. वेस्टवेअरचे दरवाजे उघडले, वरून पाऊस कोसळत राहिला, की मार्कंडेय नदी पात्राबाहेर येते आणि आंबेवाडी, अलतगे, कंग्राळीच्या भातशेतीत शिरते. पाणी लवकर हटलं नाही तर रोप कुजतं. मग दुबार लागवड, तीही रोप शिल्लक असेल तरच.

दुसरा दिवस, हिडकल

घटप्रभेवरचं हे धरण ५१ टीएमसीचं. जुनं हुन्नूर गाव त्याच्या पोटात गेलं. तिथलं विठ्ठल मंदिर कडक उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं आणि भाविकांची रीघ लागते. आज समोर नुसतं गढूळ पाणी. हुन्नूरकरांनी घरदार सोडलं म्हणून खालची शेतं भिजतात, हे विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा आणि मार्कंडेय एकाच वेळी फुगल्या, तेव्हा खाली गोकाकची वस्ती पाण्यात गेली.

तिसरा दिवस, निपाणी

यमगर्णीच्या पुलावर थांबलो. खाली वेदगंगा दुथडी भरून वाहतेय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथं महामार्गच बंद पडला होता. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज हे बंधारे तर बहुतेक पावसाळ्यांत पाण्याखाली जातात. शाळा, दूध, दवाखाना, सगळ्यांना वळसा पडतो. पाऊस पडतो भुदरगड-राधानगरीत, पाटगाव आणि काळम्मावाडी धरणं महाराष्ट्रात, पाणी येतं कर्नाटकातल्या गावांत. उलट कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेण्याच्या प्रस्तावानं सांगली-कोल्हापूर अस्वस्थ आहे. भीती दोन्हीकडची सारखीच आहे.

म्हणून दोन्ही सरकारांना कळकळीची विनंती : दरवाजे उघडण्याआधी किती क्युसेक पाणी येणार, ते कधी पोहोचणार, हे नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मराठीत आणि कन्नडमध्ये कळवा. जनावरं हलवायला, धान्य माळ्यावर चढवायला तेवढा अवधी मिळालाच पाहिजे. कुजलेल्या रोपाचा पंचनामाही दुबार लागवडीची वेळ टळण्याआधी व्हायला हवा.