चाकावरचे स्वयंपाकघर

वारीविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात पायांना मोठा मान आहे. ते योग्यच आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी काढली तेव्हा आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांची शिस्त लावली तेव्हाही, पंढरीला जाणे म्हणजे चालत जाणे हाच अर्थ होता. मात्र चालणाऱ्याला दोन वेळा जेवायला लागते आणि ते जेवण कुठेतरी शिजावे लागते. डोईवरच्या गाठोड्यातून बैलगाडीत, बैलगाडीतून ट्रक-टेम्पोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असा या चुलीचा प्रवास झाला. पालखीची वाट चालणाऱ्यांची असली तरी तिच्या मागेपुढे आज शेकडो स्वयंपाकघरे चाकांवर धावत असतात. त्यांच्याविषयी आपले साहित्य बहुधा गप्प आहे.

आम्ही दोघे मराठी शिकवतो. पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो आणि काही वर्षांपासून आळंदीहून निघणाऱ्या एका लहान दिंडीबरोबर जमेल तितकी वाट चालतो. २०२४ च्या वारीआधी त्या दिंडीच्या ट्रॉलीचे टायर बदलण्याचे आणि तिच्यावरची गॅसची जोडणी नव्याने करून घेण्याचे काम आमच्याकडे आले. इतरांना उन्हाळ्यात शेतीची कामे होती आणि आम्हांला सुट्टी होती, एवढीच आमची पात्रता. ज्या विषयात आम्हांला गती नव्हती, त्याने पुढे आमच्या विषयाकडेच पाहायची एक निराळी दृष्टी दिली. म्हणून हे टिपण.

प्रथम भूगोल सांगितला पाहिजे. इंद्रायणी देहूवरून आळंदीला येते. या दोन तीर्थांच्या सभोवार चिखली, तळवडे, मोशी, भोसरी असा उद्योगांचा वेढा आहे आणि आळंदीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर चाकण. एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या परिसरात आज मोटारी, दुचाक्या, ट्रक आणि त्यांचे सुटे भाग बनतात. टायरचाही मोठा कारखाना आहे. भोसरीला रस्ते-वाहतुकीचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आहे. थोडक्यात, चाक या वस्तूविषयी जितके ज्ञान या पंचक्रोशीत साठले आहे तितके महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच असेल. आणि याच पंचक्रोशीतून ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला निघणाऱ्या वाहनांतील कित्येक चाके अशी असतात, की त्या ज्ञानाचा वारा त्यांना लागलेला नसतो.

आमची ट्रॉली दोन चाकांची. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने पत्रा आणि अँगल जोडून बनवलेली. मागच्या अर्ध्या भागात भांडी, पिठाच्या गोण्या आणि तांदूळ. पुढच्या भागात गॅसच्या टाक्या, दोन भट्ट्या, आणि वर ताडपत्री. माणसे तिच्यात बसत नाहीत, तसा दंडकच आहे. रात्री मात्र स्वयंपाक करणाऱ्या बायका तिच्या आडोशाला झोपतात. पावसात दुसरी कोरडी जागा नसते. पुढे ज्या गोष्टींचा विचार करावा लागला, त्यांच्या मुळाशी ही झोपेची जागा होती.

टायरची तपासणी म्हणजे नक्षी पाहणे, अशी सर्वांची समजूत. दिंडीचे जुने जाणते तात्या म्हणाले, “त्येला काय झालंय? नक्षी तर अजून शाबूत हाय.” नक्षी खरोखरच शाबूत होती. परंतु टायर वाचायचा तो त्याच्या कडेवर, हे आम्हांला चाकणच्या एका टायरवाल्याने दाखवले. कडेवर एका लंबवर्तुळात चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. डाव्या चाकावर होते ३१११, म्हणजे २०११ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी शाबूत राहिली ती टायर चांगला होता म्हणून नव्हे, तर ट्रॉली वर्षातले अकरा महिने गोठ्याशेजारी उभी असते म्हणून. उभ्या टायरची नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारे होते. ऊन आणि हवेतला प्राणवायू त्याला आतून कडक करतात. धावणाऱ्या टायरमध्ये रबराला तडे जाऊ न देणारी द्रव्ये सतत पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या टायरमध्ये ती हालचाल मंदावते. त्यामुळे कडेवर बारीक चिरांची जाळी पडते. आमच्या डाव्या टायरवर ती होती, आणि नख लावले की जाणवत होती.

उजव्या चाकाची कथा वेगळी होती. तो ट्रकवरून उतरलेला टायर, बहुधा याच पट्ट्यात माल वाहून निवृत्त झालेला. त्यावर नवे रबर चढवले होते. बाजारात त्याला ‘रिमोल्ड’ म्हणतात. शिवाय तो रेडियल आणि डावा नायलॉनचा. दोघांच्या आतल्या धाग्यांची रचनाच भिन्न: नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. ओझ्याखाली दोघे वेगवेगळ्या तऱ्हेने दबतात, म्हणून एका आसावर असली जोडी घालू नये, हा साधा नियम. त्यातच हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, वाकण्याने तापते आणि तापलेले थर सुटू लागतात. रस्त्यावर टायर फुटतो तेव्हा आपण खिळ्याला दोष देतो; पुष्कळदा दोष कित्येक दिवस साठत आलेल्या उष्णतेचा असतो. आणि ही ट्रॉली जाणार कुठून? दिवे घाटातून, जिथे एका कडेला डोंगर, दुसऱ्या कडेला दरी आणि रस्ताभर माणसे.

गॅसची बाजू याहून नाजूक. टाक्या एकोणीस किलोच्या, व्यावसायिक वापराच्या होत्या, हे ठीक, घरगुती १४.२ किलोची टाकी असल्या कामाला वापरणे नियमाबाहेरचे. पण टाकी ते भट्टी ही वाट साध्या रबरी नळीची होती आणि नळी टोकाला तारेने आवळलेली. दर मुक्कामाला ती काढायची, गुंडाळायची, पुन्हा जोडायची. आत तडे गेलेली नळी बाहेरून गुळगुळीत दिसते. द्रवरूप गॅस वायू होताना सुमारे अडीचशे पट पसरतो आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. म्हणजे गळती झालीच तर तो ट्रॉलीच्या तळाशी, आणि तिथून उतरून त्या झोपलेल्या बायकांपाशी जाणार. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते दहा टक्के झाले की ठिणगीचा अवकाश. वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. पण दिवसभर चालून झोपलेल्या माणसाचे नाक पहारा करीत नाही.

आणखी एक सवय होती. पावसाळी पहाटे एका टाकीवर दोन मोठ्या भट्ट्या पेटवल्या की टाकी गार पडते, बाहेर दहिवर धरते आणि ज्योत मंदावते. द्रवाचा वायू होण्यासाठी लागणारी उष्णता टाकी स्वतःतूनच ओढून घेते. मग कोणी टाकी कलती करते, कोणी गरम पाण्यात बसवते. कलत्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत उतरू शकतो, आणि तसे झाले तर ज्योत आवरत नाही. या दोन्ही उपायांत अज्ञानापेक्षा घाई अधिक होती. पाचशे भाकऱ्या व्हायच्या असतात आणि चोपदाराची हाक कोणासाठी थांबत नाही.

दिंडीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा खरी अडचण कळली. शिल्लक एवढीच होती, की त्यात एकतर नवा मंडप घेता आला असता, नाहीतर ही कामे. मंडपाला देणगीदारही तयार होते, कारण मंडपाच्या झालरीवर नाव लिहिता येते. रेग्युलेटरवर कोणाचे नाव लिहायचे? धर्मकार्यातला पैसा दिसणाऱ्या वस्तूकडे वाहतो, हे कोणा एका दिंडीचे वैगुण्य नव्हे. आमच्या महाविद्यालयांतही स्वागतकमान आधी होते आणि ग्रंथालयाचे गळके छत मागे राहते. चर्चा मंडपाकडे झुकत होती. तेव्हा गेली अनेक वर्षे भट्टीपाशी उभ्या असणाऱ्या मावशी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो सर, भाकरी फुगली ते आमाला दिसतंय. नळी फुगली तर कोण बघायचं?” त्यानंतर वीणेकरी बाबा बोलले. त्यांनी फक्त एवढेच विचारले, की मंडपाखाली आपण किती तास असतो आणि ट्रॉलीच्या आडोशाला या बाया किती तास असतात. पुढच्या वर्षी मंडप, असे ठरले. तात्यांनीही विरोध केला नाही. उलट चाकणला ट्रॉली ओढून नेली ती त्यांनीच.

काम चार दिवसांचे निघाले. ९.००-२० मापाचे दोन्ही नायलॉन टायर एकाच तारखेचे घेतले, तिसरा स्टेपनीला. आतल्या ट्यूब आणि फ्लॅपही नवे. भरलेल्या ट्रॉलीचे वजन काट्यावर करून मग हवेचा दाब ठरवला. टाक्यांसाठी जाळीची बंदिस्त पेटी केली. टाक्या उभ्या राहाव्यात म्हणून साखळ्या आणि पेटीच्या तळाशी हवेला वाट. दोन टाक्या एका नळवाहिनीला जोडल्या, म्हणजे गॅस दोन्हींतून निम्मा निम्मा येतो आणि एकीवर भार पडत नाही. प्रत्येकीला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह. पुढे पत्र्याला घट्ट बसवलेला पोलादी पाइप आणि शेवटच्या हातभर अंतरापुरती आतून तारेची जाळी असलेली नळी, टोकाला पक्का क्लॅम्प. जोडकाम अधिकृत माणसाकडून करून घेतले. शेवटी साबणाच्या पाण्याची परीक्षा: प्रत्येक सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते पाहायचे. मावशींनी ती परीक्षा शिकून घेतली आणि दर मुक्कामाची जबाबदारी आपल्याकडे ठेवली. टाकी घेताना तिच्या कड्याच्या पट्टीवरचे अक्षर पाहायचे, हेही त्यांना सांगितले. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही भाग आणि पुढे वर्ष. तोवर टाकीची पुढची तपासणी व्हायला हवी. त्यांनी ती अक्षरे नातवाकडून पाटीवर काढून घेतली.

येथे आम्हांला आमचा विषय आठवतो. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहात ‘वाटचाल’ हा लेख आहे. तो वर्गात शिकवताना आम्ही वारीतील भक्तीवर, लेखिकेच्या निरीक्षणशक्तीवर बोलतो. पण त्या लेखातील सल स्वयंपाकाची आहे: एकाच दिंडीत चालणारी माणसे जेवायला मात्र जातीने वेगळी बसतात, चुली वेगळ्या राहतात, हे त्यांना बोचते. म्हणजे वारीच्या समतेची कसोटी वाटेवर लागत नाही, ती चुलीपाशी लागते, हे एका मोठ्या लेखिकेने तेव्हाच पाहून ठेवले होते. आज आमच्या दिंडीत चूल एक आहे आणि पंगत एक आहे. पण जेवणारे एक झाले तरी जोखीम सर्वांची सारखी झाली का, हा पुढचा प्रश्न उरतोच. भट्टीपाशी कोण असते, टाकीशेजारी कोण झोपते, हे पाहिले की समतेचा हिशेब अजून पुरा झालेला नाही असे दिसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला आपण शिकवतो, की पृष्ठभागावर थांबू नका, संहितेच्या कडा वाचा. टायरच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरे निघाले: नक्षी एक सांगत होती आणि कड दुसरे. मात्र येथे वाचनात चूक झाली तर कोणी प्रतिवाद लिहून पाठवीत नाही; दिवे घाटात चाक सुटते. आम्हा वाचनव्यवसायी माणसांना अर्थाची इतकी थेट जबाबदारी क्वचितच घ्यावी लागते.

त्या वर्षी ट्रॉली पंढरपूरला जाऊन परत आली. वाटेत सांगण्यासारखे काही घडले नाही. दिंडीच्या वहीत त्या खर्चाची नोंद ‘टायर व गॅस दुरुस्ती’ अशी एका ओळीत आहे. तिच्याखाली मावशींच्या सांगण्यावरून नातवाने आणखी एक ओळ लिहिली आहे: नळी कोणत्या साली बदलायची, ते साल.