बेगमी

बेगमी हा शब्द मला फार आवडतो. आमच्या वसईत तर त्याला वाससुद्धा आहे! उन्हाच्या दिवसांत अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात आणि आगाशीकडे राजेळी केळ्यांची सुकेळी होत असतात. सुबत्तेच्या चार दिवसांत पाचव्या दिवसाची आठवण ठेवणे, हे शहाणपण आपण माणसांचे म्हणून मिरवितो. पण डोळ्यांना न दिसणारे कित्येक जीवाणूही हेच करतात.

साखर मुबलक मिळाली, पण वाढीला लागणारा नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडला, म्हणजे हे जीव उरलेली साखर वाया घालवीत नाहीत. तिचे बारीक कण करून पोटात साठवितात. जणू अंगावरची चरबीच! १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरिस लम्वान्य यांनी हा पदार्थ ओळखला. जीवाणूच्या सुक्या वजनात कधी कधी शंभरात ऐंशी भाग तोच भरतो. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे बारसे केले, ते 'पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट' असे दम लागावा असल्या नावाने. आणि मौज ही, की हा पदार्थ वितळवून साच्यात घातला, की झाले प्लॅस्टिक! अंटार्क्टिकातल्या एका डबक्यात सापडलेला असाच एक जीवाणू २००९ साली जगापुढे आला. त्याला ही बेगमी उपासमारीतच नव्हे, कडाक्याच्या थंडीतही तारते.

याचे अप्रूप वसईकराला का वाटावे? आमच्या खाडीत जाळे ओढले, की मासळीबरोबर पिशव्याही येतात. राज्यात २०१८ साली बंदी आली, तरी त्या येतातच. ती पिशवी टिकते, कारण ती कोणाचेच अन्न नाही. जीवाणूचे प्लॅस्टिक मुळात शिदोरी. मातीतले आणि समुद्रातले दुसरे जीवाणू ती हळूहळू फस्त करतात.

मात्र 'साखरेचे प्लॅस्टिक' एवढ्या नावावर भुलू नये. जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ साली एक प्रात्यक्षिक कारखाना उघडला. तिथल्या प्लॅस्टिकची जात निराळी. साखर आंबवून दह्याला आंबट करणारे तेच आम्ल काढायचे आणि त्याच्या लांब साखळ्या गुंफायच्या. हे प्लॅस्टिक चांगल्या तापलेल्या खताच्या ढिगात कुजते, पण समुद्रात वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. खाडीला हवी आहे ती पहिली, शिदोरीची जात.

आता अडचण वाण्याच्या हिशेबाची. त्या जातीच्या एका किलोला सुमारे ३ किलो साखर लागते. तेवढ्या साखरेत दिवाळीच्या किती करंज्या होतील, ते कोणाही गृहिणीला विचारा! म्हणून तर संशोधक साखर सोडून मळीसारख्या स्वस्त मालाकडे वळले आहेत. त्यांचे हात यशस्वी होवोत. तोवर शेजारी फराळ धाडायला आपला पितळी डबाच बरा. तो कधी रिकामा परत येत नाही, एवढी रीत आमच्याकडे अजून शिल्लक आहे.