खाजणातली जमीन

शाळेच्या भूगोलात खाजण म्हणजे पाणी. वाळूचा दांडा वाढत जातो, समुद्राचा एक तुकडा आत कोंडतो, ते खाजण. उदाहरणं ठरलेली: ओडिशातलं चिलिका, केरळातलं वेंबनाड. अलिबाग-पेणकडच्या शेतकऱ्याला ही व्याख्या ऐकवली तर तो बांधाच्या आतल्या बाजूला बोट दाखवील. त्याच्या लेखी खाजण ही जमीन आहे. चिकट, उन्हात भेगाळणारी, वर पांढरं मीठ फुलणारी, पण जमीनच. मला दोघांचंही खरं वाटतं. या भागाला खारेपाट म्हणतात, आणि इथे बांध नसता तर एकाच जागेला दिवसातून दोनदा पाणी आणि दोनदा जमीन म्हणावं लागलं असतं.

केरळात समुद्र चढतो तो जेमतेम मीटरभर. लाटांनी आणून टाकलेली वाळू तिथे टिकते, दांडे लांबतात आणि त्यांच्यामागे कायलांची, म्हणजे कोंडलेल्या पाण्याची, रांग तयार होते. आपल्याकडे मुंबईच्या आसपास उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत घुसायचं आणि दोनदा बाहेर पडायचं म्हणजे नदीची तोंडं झाडून निघतात, वाळूला ती बंद करता येत नाहीत. म्हणून आपल्याकडे कायलं नाहीत, खाड्या आहेत: वसई, धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राशेजारून, मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी ठेवून वाहते. तेवढ्यापुरता कोकणात केरळचा भास होतो.

कोंडलेलं पाणी कमी, त्यामुळे त्याच्यासाठी नावंही कमी. नावं मिळाली ती पाण्याच्या येण्याजाण्याला. भरती-ओहोटी सगळ्यांनाच ठाऊक असते. मालवणीत ओहोटीला सुकती म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला येतं ते उधाण, अष्टमीच्या आगेमागे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, तो भांग. किनाऱ्यावरच्या माणसाला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ हाती येई: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीकाठी जगणाऱ्यांनी पंचांग असं पाण्याला जुंपलेलं होतं, आणि ही आकडेमोड मला कोणत्याही स्तोत्राइतकीच पाठ करण्याजोगी वाटते.

खारेपाटाचा सगळा संसार उघाडीवर चालतो. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. लाकडी झडप, वरच्या बाजूला टांगलेली. ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटा देतं, झडप बाहेर उचलली जाते आणि पाणी खाडीत पडतं. भरती फिरली की खाडीच झडपेला आत ढकलते आणि आपला रस्ता आपणच बंद करते. गोव्याच्या खाजणांत याच दाराला मानस म्हणतात. पाणी फिरतं त्या घडीला उघाडीपाशी थांबून बघावं. बाहेर पडणारी धार बारीक होते, झडप एकदा हलते, बाहेर कललेला गवताचा पुंजका सरळ होतो, मग आतल्या बाजूला वळतो. लाकूड लाकडावर बसल्याचा ओला आवाज येतो. त्यानंतर खाडी बांधाच्या बाहेर वितीवितीने चढत राहते, आणि तिच्या पातळीच्या खाली, आतल्या बाजूला, भात उभं असतं.

ते भातही इथलंच, खार सोसणारं. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ विरघळायचं, उघाडीतून निघून जायचं, की मोड आलेलं बी फेकायचं. याला रहू म्हणतात. वर्षाला पीक हे एकच. शेताच्या कोपऱ्यातल्या तळ्यात जिताडा वाढतो आणि पाहुण्याच्या पानात पडतो. याच जमिनीसाठी खारेपाटातल्या चरी गावचे शेतकरी १९३३ पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संपावर होते. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली त्यांनी शेतं पडीक ठेवली. मिठाशी झगडून मिळवलेलं भात खोताच्या कोठारात ओतण्यापेक्षा न पिकवलेलं बरं, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात मला नवल वाटत नाही.

बांधाला सगळ्यात मोठा धोका लाटेचा नसतो, खेकड्याचा असतो. बिळं बांधाच्या पोटात आरपार जातात, उधाणाचं पाणी त्यातून झिरपू लागतं, माती सैल होते आणि एका रात्री खांड पडते. पूर्वी हाळी आली की गाव बांधावर जाई. आता घरातली शिकलेली पोरं मुंबईत, शेतीत राबणारी माणसं थोडी, आणि खांड अर्जाची वाट बघत उघडी राहते. खारं पाणी रोज आत येतं. त्याच्याबरोबर तिवराचं बी येतं आणि चार-पाच वर्षांत शेताचं कांदळवन होतं. तिवराशी माझं वैर नाही. किनारा धरून ठेवणारं झाड आहे ते, कोळंबी-खेकड्यांची पिल्लं त्याच्याच मुळांत वाढतात आणि न्यायालयांनी त्याला संरक्षण दिलं ते योग्यच. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भात लिहिलं आहे, त्याच्या शेतात उगवलेलं तिवरही कायद्याने तोडता येत नाही. मग तो माणूस बांधावर उभा राहून आपल्याच जमिनीला काय म्हणणार?

म्हणून झाड रुजण्याआधीचा काळ महत्त्वाचा. खांड बुजवायची ती भांगात, पाणी कमी चढतं तेव्हा. त्यानंतरचं उधाण यायला सात-आठ दिवस असतात. तेवढ्या दिवसांत माती, दगड, पेंढा आणि माणसं बांधावर पोचली पाहिजेत.